मीठ, मावशी आणि सादळलेल्या आम्ही दोघी

आधी एक कन्फेशन. 2025 च्या जुलैमध्ये एका फाइव्ह स्टार हॉटेलातल्या प्रेस कॉन्फरन्सला मी जे काळे फॉर्मल शूज घालून गेले होते, त्यांना हिरवी दाढी आलेली होती. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं. टिश्यू पेपरने पुसली, परफ्यूम मारला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या चॅनेलवाल्या मुलीने नाक उडवून इकडेतिकडे बघितलं. मीही तिच्यासोबत इकडेतिकडे बघितलं. मास कॉमच्या दोन वर्षांत एवढं तर शिकतोच आपण.

शूज हे फक्त निमित्त. तोवर आमचं अख्खं घर सादळलं होतं.

घर म्हणजे दिवाळे गावातला पहिल्या मजल्यावरचा वन रूम किचन. सीबीडी बेलापूरच्या काचेच्या टॉवर्समध्ये काम करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी दिवाळे बघितलंच नसेल, किंवा बघितलं असेल ते फक्त रविवारी मासळी बाजारात. महापालिकेची ती भली मोठी घुमटवाली इमारत, बेलापूरचा किल्ला आणि खाडी यांच्या मधलं हे जुनं कोळीवाड्याचं गाव. 1970 साली सिडको आली, नवी मुंबईचे सेक्टर आखले गेले आणि गावठाणं मधल्यामधे राहिली. पुढे कुटुंबं वाढली, तशी घरं आडवी पसरायला जागा नव्हती म्हणून उभी वाढली. आमच्या बेडरूमच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागते. शेजारची ताई कांदा चिरायला लागली की डोळ्यांत पाणी माझ्या. फायदा एकच, पण सॉलिड: सेक्टरमधल्या सोसायटीच्या निम्म्या भाड्यात घर आणि ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर. माझं नाही, फ्लॅटमेटचं. माझं ऑफिस म्हणजे लॅपटॉप ठेवायला जिथे जागा मिळेल तिथे.

मी सांगोल्याची आणि फ्लॅटमेट अकोल्याची. म्हणजे दोघीही कोरड्या मुलखातल्या. पाऊस ही आमच्यासाठी वाट बघण्याची गोष्ट होती, वाळवण्याची नाही. ओल आली म्हणजे नेमकं काय होतं, याची दोघींनाही शून्य कल्पना. त्यात हिने येताना ट्रेनच्या पार्सलमधून काय आणलं असेल? कूलर. चाळीस लिटरची टाकी, वाळ्याचे पडदे, सगळं साग्रसंगीत. मी हसले तर म्हणाली, "आमच्या अकोल्यात कूलर नसला तर माणूस मरते ना वं!"

अकोल्यात ते खरंच. मे महिन्यात तिथली हवा 44-45 अंश आणि कडकडीत कोरडी. कूलरचं पाणी तिच्यात भराभर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं आणि खोली गार होते. दिवाळ्यात जुलैत हवा आधीच पाण्याने ठासून भरलेली. तिच्यात पाणी उडायला जागाच कमी, त्यामुळे गारवा नावापुरता. जे काही थोडंफार उडतं ते आमच्या गाद्या, उश्या आणि भिंती पिऊन टाकतात. रोज सकाळी टाकीतलं सात-आठ लिटर पाणी कमी झालेलं दिसायचं आणि बाईसाहेब समाधानाने पुन्हा टाकी भरायच्या. ते पाणी गेलं कुठे, हा प्रश्न दोन पदवीधर मुलींपैकी एकीलाही तीन आठवडे पडला नाही.

मग एकेक नोटिशी यायला लागल्या. पापड तळायच्या आधीच मऊ. चहा पावडरचा गोळा. बेडशीट अंगाला चिकटतंय की आपण बेडशीटला, कळेना. कपाटात कुबट वास. कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा नकाशा, खाली पांढरी पावडर आणि रंगाला फोड आलेले. त्याच कपाटाच्या तळाशी लेदरच्या केसमध्ये बाबांचा जुना याशिका होता. बाबांचा सांगोल्यात फोटो स्टुडिओ होता. कॉलेजला ॲडमिशन मिळाली तेव्हा त्यांनी तो कॅमेरा मला दिला होता, "वापर, नुसता ठेवू नको" असं सांगून. मी नुसता ठेवला होता. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. लेन्सला बुरशी.

बाबांना फोन केला नाही. गणपतीला ते येणार होते. तेव्हा बघू म्हटलं.

खरा झटका आठवड्याने बसला. रात्री दोनला जाग आली, तर फ्लॅटमेट पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढत होती. शिट्टीसारखा आवाज. लहानपणी तिला दमा होता, कॉलेजनंतर सुटला असं ती आनंदाने सांगायची. सहा वर्षं इनहेलर लागला नव्हता. त्या रात्री रिक्षाने हॉस्पिटल, नेब्युलायझर आणि पहाटे डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "घरात ओल आहे का?" दमट आणि बुरशी आलेल्या घरात दमा उसळतो, ही काही आजीबाईची समजूत नाही. डब्ल्यूएचओने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच काढली होती. डॉक्टर मला म्हणाले, औषध मी देतो, पण भिंत मी बरी करू शकत नाही.

आता माझ्या डोक्यात राग. घरमालकीण मावशी खालच्या मजल्यावर राहतात. मी तरातरा खाली गेले आणि सुनावलं. तुमचं घर गळतंय, डिपॉझिट परत द्या, आम्ही चाललो. मावशी ओटीवर बसून सुकट निवडत होत्या. जून-जुलै मासेमारीला बंदी असते, पूर्ण 61 दिवस. त्या काळात त्यांचा धंदा म्हणजे आगोटीला भरून ठेवलेली सुकी मासळी. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "माझा घर गलत नाय गो."

मी प्लंबर बोलावला. त्याने नळ, पाईप, वरच्या मजल्याची मोरी, सगळं दोनदा तपासलं. गळती नाही. मग एका सिव्हिल इंजिनिअर मित्राने फोनवर एक स्वस्तातली टेस्ट सांगितली. तुम्हीही करून बघा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्यायची, फूटभर चौकोन कापायचा आणि ओल्या भिंतीवर चारही बाजूंनी टेपने सीलबंद चिकटवायचा. दोन दिवसांनी काढायचा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. गळती शोधा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील, तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. आमच्या फॉइलच्या दोन्ही बाजू कोरड्या ठणठणीत आणि आजूबाजूची भिंत मात्र ओलीचिंब. मित्र म्हणाला, हे जरा विचित्रच आहे.

मावशींना विचित्र वाटलं नाही. त्या वर आल्या, भिंतीवरची ती पांढरी पावडर बोटाने खरवडली, जिभेला लावली (मी ओरडलेच) आणि म्हणाल्या, "भिंतीन मीठ हाय गो पोरी."

मग त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. फळीवर एका बशीत चिमूटभर जाडं मीठ ठेवलेलं. बशीत पाणीच पाणी. "मीठ पानी सोरतंय तवर सुकट बाहेर काढाची नाय." मीठ कोरडं असलं की डबे उघडायचे, मासळीला वारा द्यायचा. मीठ ओलं असलं की झाकणं घट्ट. त्यांच्या सासूबाई असंच करायच्या. मी त्याच बशीशेजारी दुसरी बशी ठेवली आणि तिच्यात आमच्या भिंतीवरची पावडर खरवडून टाकली. रात्री बघितलं तर दोन्हीकडे पाणी.

आता यातलं सायन्स ऐका, कारण ते जबरी आहे. शुद्ध मिठाचा एक ठरलेला आकडा असतो: 75 टक्के. हवेतली सापेक्ष आर्द्रता त्याच्या खाली असेल तर मीठ कोरडं राहतं. वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून खूप आधीच पाणी धरतात. म्हणून मावशींचं मीठ आपल्या पॅकेटमधल्या मिठापेक्षा जास्त हळवं. आणि गंमत म्हणजे बुरशीलाही साधारण हाच टप्पा लागतो. पृष्ठभागाजवळची आर्द्रता 75-80 टक्क्यांवर काही दिवस टिकली की तिची पार्टी सुरू. म्हणजे ती बशी हा घरगुती अलार्म आहे. बॅटरी नको, ॲप नको.

भिंतीत मीठ आलं कुठून? खाडीवरचा वारा ते आणतो, जमिनीतून वर चढणारी ओल आणते आणि बांधकामात खाडीची रेती न धुता वापरली असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच आत असतं. (मुंब्र्याजवळच्या एका भागाचं नावच रेतीबंदर आहे, यावरून काय ते समजा.) कोकणातली माणसं याला लोणा म्हणतात. भिंतीला लोणा लागला की उन्हाळ्यात पांढरी पावडर दिसते आणि पावसाळ्यात तीच जागा ओली. आपल्याला वाटतं गळतंय. प्रत्यक्षात भिंत हवेतलं पाणी पीत असते. फरक ओळखायची खूण सोपी आहे: गळती पावसामागे येते, लोणा हवेमागे. आमची भिंत तीन दिवस पाऊस नसतानाही ओलीच होती.

पण मावशी शंभर टक्के बरोबर होत्या असंही नाही हं. त्यांच्या बाहेरच्या भिंतीला केसासारख्या भेगा आहेत आणि वाऱ्यासोबत येणारा पाऊस त्यातून थोडा आत शिरतोच. त्याच पाण्याबरोबर मीठ आतल्या पृष्ठभागावर येतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. भेगा भरायला त्यांनी गवंडी ठरवला होता, मेच्या शेवटच्या आठवड्यात. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख 11 जून. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच येऊन धडकला, 75 वर्षांतला सगळ्यात लवकर. गवंड्याची शिडी भिंतीला लागायच्या आधीच भिंत भिजली. यावर भांडण करायचं तर हवामान खात्याशी करावं लागलं असतं. म्हणून मी आणि मावशींनी चहा घेतला. डिपॉझिटचा विषय पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी एक डिजिटल हायग्रोमीटर मागवला. पिझ्झापेक्षा स्वस्त, भिंतीवर लावायच्या घड्याळासारखा. बेडरूममध्ये आकडा आला 88. मी जनरल नॉलेज म्हणून घराचा हिशेब मांडला आणि आईशप्पथ, आयुष्यात पहिल्यांदा अकरावीचं फिजिक्स उपयोगी पडलं. 28 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 27 ग्रॅम वाफ मावते. आमची खोली दहा बाय बाराची, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे 34 घनमीटर. 85 टक्के आर्द्रता म्हणजे त्या खोलीत हवेत तरंगणारं पाणी पाऊण लिटरहून थोडं जास्त. ते 60 टक्क्यांवर आणायचं तर काढायचं किती? जेमतेम 230 ग्रॅम. एक पेलाभर!

मग अवघड काय? अवघड हे, की आपण दिवसभर पेले ओतत असतो. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा-पाऊण लिटर. बादलीभर कपडे पिळून खोलीत दोरीवर टाकले की दीड-दोन लिटर. आणि हे मला अजिबात माहीत नव्हतं: स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणीच तयार होतं. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो. म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत आपल्या किचनच्या हवेत जवळपास 22 लिटर पाणी गेलेलं असतं. उकळत्या भाताची वाफ वेगळीच. कूलरचे सात-आठ लिटर आठवून फ्लॅटमेटने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कूलर त्याच दिवशी माळ्यावर गेला. तो आता तिच्या चुलतभावाच्या घरी, अकोल्यात, सन्मानाने राहतो.

पहिली फेरी बिनपैशाची होती. कपडे खोलीतून हद्दपार, जिन्याखालच्या उघड्या जागेत मावशींच्या जाळ्यांशेजारी. किचनचा एक्झॉस्ट फॅन, जो आमच्या आधीच्या भाडेकरूंनी पेपर लावून बंद केला होता, तो साफ करून सुरू. भाताच्या पातेल्यावर झाकण. आंघोळ झाली की बाथरूमचं दार बंद आणि तिथली खिडकी उघडी. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे, मागून वारा खेळेल असं. काळ्या ठिपक्यांवर नुसता रंग मारायचा मोह होतो, तो टाळला. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्याने बुरशी पुसली (कोरडी झाडली तर बीजाणू खोलीभर उडतात) आणि ते काम मी केलं, दम्यावाल्या बाईला बाहेर पाठवून. लोण्यावर मात्र पाणी लावायचं नाही. मीठ विरघळून पुन्हा आत जातं. ते कोरड्या ब्रशने काढायचं, खाली पेपर धरून. आकडा 88 वरून 80 वर आला. बरं वाटलं, पण मीठ अजून ओलंच.

खिडकीचं काय करायचं यावर आमच्यात दोन पक्ष पडले. इंटरनेटवरचे सगळे गोरे लोक सांगतात, ओल आली की खिडक्या उघडा. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या देशात. तिथे थंडीत बाहेरची हवा गारठलेली असते, तिच्यात वाफ फारशी मावतच नाही. ती आत येऊन तापली की कोरडी होते. आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. दवबिंदू म्हणजे काय, हे सीबीडीतल्या प्रत्येक चष्मेवाल्याला रोज संध्याकाळी समजतं. वीस अंशांच्या एसीतून लॉबीच्या बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा. काच 25 च्या खाली गार, हवेतली वाफ तिच्यावर जमली. तुमच्या भिंतीचं, फरशीचंही तेच होतं. चार दिवस झड लागून घर गार पडलेलं असतं, मग सकाळी झकास ऊन पडतं, आपण आनंदाने सगळी दारं सताड उघडतो आणि तासाभरात लादीला घाम. पाणी कुणी सांडलं म्हणून आम्ही एकमेकींवर ओरडायचो.

पण म्हणून घर डबाबंद करणं हाही उपाय नाही. आतलं पाणी आतच साठतं. शेवटी तह झाला तो असा: स्वयंपाक, आंघोळ यांनी आत पाणी वाढलं की उघडा आणि पंखा लावा. वाऱ्यासोबत पाऊस आत येत असेल किंवा आत पाणी काढणारं यंत्र चालू असेल तर बंद, आणि घट्ट बंद. झडीनंतरच्या पहिल्या उन्हात जरा थांबा, फरशी तापू द्या.

यंत्र म्हणजे एसी किंवा डीह्युमिडिफायर. एसीवाल्यांना एक गोष्ट सांगते. 1902 मध्ये विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या, म्हणजे आपल्यापेक्षाही लहान, इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा डिझाइन केली, ती आजच्या एसीची आजी. ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हतीच. दमट हवेत कागद फुगायचा, एकावर एक छापायचे रंग सरकायचे आणि चित्रं बिघडायची. म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. म्हणजे तुम्ही हातात धरलंय तसल्या रंगीत पानांसाठी एसी जन्माला आला! गारवा हा बोनस. आणि आपण तो 18 वर लावून पांघरूण घेऊन झोपतो. एसी असेल तर पावसाळ्यात ड्राय मोड लावून 25-26 वर ठेवा. खोली लहान आणि एसी दांडगा असेल तर तो पाच मिनिटांत गार करून झोपतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. आणि फार गार केलेल्या बेडरूमच्या भिंतीची हॉलकडची बाजू बघत चला. बुरशी तिथे, पाठीमागून येते.

आमच्याकडे एसी नव्हता. बंगळुरूला ट्रान्सफर झालेल्या एका ओळखीच्या मुलाकडून सेकंडहँड डीह्युमिडिफायर घेतला, निम्मे-निम्मे पैसे काढून. नेलपेंट, सिनेमा आणि दोन वीकेण्ड प्लॅन्सचा बळी गेला. पहिल्या रात्री त्याची दोन लिटरची टाकी सात तासांत भरली आणि तो बीप करत थांबला. आम्ही दोघी पहाटे साडेचारला त्या टाकीकडे, लहान मुलाने पहिल्यांदा शी केल्यावर आईबाप बघतात तसं बघत बसलो. एवढं पाणी आपण श्वासात घेत होतो? आठ तास चालवला तर दीड-दोन युनिट वीज खातो आणि खोली एक-दोन अंशांनी तापते, हे त्याचे दोष. पण आठवडाभरात आकडा 60 वर, बुरशीचा नकाशा वाढायचा थांबला. भिंतीवरचा ओलसर डाग हळूहळू आकसला आणि मावशींकडून आणलेली मिठाची बशी, जी आता आमच्याही फळीवर होती, एका सकाळी कोरडी दिसली. फ्लॅटमेटचा रात्रीचा इनहेलर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बंद झाला. सकाळचा डॉक्टरांनी चालू ठेवलाय. मीही त्यांच्याशी वाद घालत नाही.

सिलिका जेलबद्दल विचारणारे खूप भेटतात. शूजच्या बॉक्समधल्या त्या पुड्या. मोकळ्या खोलीत त्यांचा उपयोग म्हणजे खाडीत चमचा बुडवण्यासारखा. पण बंद डब्यात त्या राजा आहेत. कॅमेरा, लेन्स, हार्ड डिस्क, जुने फोटो, सर्टिफिकेट्स यांच्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल टाका, जमल्यास छोटा हायग्रोमीटर आणि आकडा 40-45 च्या आसपास राहतोय ना बघा. केशरी जेल घ्या, रंग बदलला की मंद आचेवर तव्यात वाळवलं की पुन्हा तयार. आणि कॅमेरा लेदरच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच जेवण. हे मला फोर्टमधल्या एका म्हाताऱ्या कॅमेरा दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं. त्यांनी बाबांची लेन्स उघडून पुसली. बुरशी गेली, पण तिने सोडलेल्या आम्लाने काचेवरचं कोटिंग एका कोपऱ्यात खाल्लं होतं. ते परत येत नाही.

गणपतीत बाबा आले. मी बोलायच्या आधीच त्यांनी कॅमेरा मागितला, लेन्स ट्यूबलाइटकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मी सगळं एका दमात सांगितलं: कपाट, लेदर, दवबिंदू, 75 टक्के. ते म्हणाले, "सांगोल्यात मला मीठ ओलं झालेलं आठवत नाही." मग खाली जाऊन त्यांनी मावशींकडून ती बशी मागून घेतली आणि तिचाच फोटो काढला. रोल अजून डेव्हलप व्हायचाय. आजकाल ते करून देणारे शोधावे लागतात.

एक गोष्ट राहिली आणि ती शूज, लेन्स यांच्यापेक्षा मोठी आहे. हेच मीठ आणि हेच पाणी प्लास्टरच्या पुढे जाऊन स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत पोचतं. गंजलं की लोखंड फुगतं, मूळ आकाराच्या दुपटीहून जास्त, आणि काँक्रीटला आतून फोडतं. छताचे पोपडे पडतात ते यामुळे. वाशीतल्या सिडकोने बांधलेल्या जेएन-1, जेएन-2 प्रकारच्या इमारतींची नावं नवी मुंबईकरांनी स्लॅब कोसळल्याच्या बातम्यांत वर्षानुवर्षं वाचली आहेत. तिथे कारणं अनेक होती. पण छताला गंजाचे तपकिरी डाग किंवा सरळ रेषेत गेलेली भेग दिसली, तर तिथे हायग्रोमीटर आणि मिठाची बशी काढू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि त्यावर पीओपीची सीलिंग लावून तो डाग झाकायला निघालेल्या इंटिरिअरवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

ऑक्टोबर हीट सुरू झाली तसा मावशींनी गवंडी आणला. त्याने आमच्या बेडरूमच्या त्या भिंतीचं प्लास्टर छातीच्या उंचीपर्यंत फोडून काढलं. चार गोणी माल निघाला, चाखून बघितला नाही, पण मावशींनी बघितला. त्याचं म्हणणं, आत्ताच नवीन प्लास्टर मारलं तर मीठ पुन्हा बाहेर येईल. हिवाळाभर भिंत उघडी राहू दे, वाळू दे, दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरवा. मग बाहेरच्या भेगा भरू आणि आतून प्लास्टर, वर हवा आरपार जाऊ देणारा रंग. चकचकीत प्लॅस्टिक पेंट नको, पाणी त्याच्यामागे अडकून पुन्हा फोड येतात.

त्यामुळे सध्या आमच्या बेडरूमला उघड्या विटांची भिंत आहे. घरी येणाऱ्या मैत्रिणींना वाटतं आम्ही मुद्दाम कॅफे लुक केलाय. एकीने कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मागितला. डिपॉझिटचा विषय पुन्हा निघाला नाही, भाडं मात्र प्लास्टर होईपर्यंत पाचशेने कमी. हे मावशींनी स्वतःहून सांगितलं, मी फक्त नाही म्हटलं नाही. आणि गवंड्याला त्यांनी पुढची तारीख दिलीय, ती या वेळी मेची नाही, मार्चची.